मेरिंगहमच्या दोन देवड्या

सोमवार, ३ डिसेंबर १९६२

पोचले. गाडी चाळीस मिनिटं उशिरा. पबच्या वरची खोली मिळाली आहे. उशी दमट, चहा बरा.

उजेड होता तेवढ्यात जाऊन पाहून आले. मोठं लोखंडी गेट. गेटच्या दोन्ही अंगांना दगडी देवड्या, दरवानाच्या. मधून रस्ता आत जातो — आणि आत काहीच नाही! मेरिंगहम हॉल नऊ वर्षांपूर्वी पाडला. आता तिथे बिटाचं शेत. दीडशेहून जास्त वर्षं ज्या घराची राखण केली ते घरच गेलं, आणि राखणदार उभे.

दोन्ही चौकोनी, एकेक खोलीच्या. चारी बाजूंनी उतरतं छप्पर, शेंड्यावर मधोमध धुराडं. दारं समोरासमोर. दारापासून दारापर्यंत अठरा फूट.

बीट नेणारे ट्रक इथून जायचे म्हणजे वाट रुंद हवी. पश्चिमेची देवडी पाडायला मालकांनी परवानगी मागितली आहे. जुन्या इमारतींच्या सरकारी कचेरीनं हरकत घ्यायची की नाही ते मी पाहणी करून सांगायचं. मुदत ३१ जानेवारी.

पबवाली म्हणाली, "अटिंगांकडे काम आहे होय? मग चहा दोनदा प्यावा लागेल तुम्हाला."

का, ते सांगितलं नाही. हसली नुसती.

मंगळवार, ४ डिसेंबर

पूर्वेची देवडी पूर्ण मोजली. आतून पंधरा फूट बाय पंधरा. भिंत अठरा इंच — गारगोटी आणि चुना, वरून पांढरट दगड. भिंत ओळंब्यात, एवढ्या वर्षांत पाव इंचसुद्धा कललेली नाही. चूल मागच्या भिंतीत आहे, पण धूर छपराच्या मधोमध निघायला हवा ना, दिसायला बरं! म्हणून धुराड्याला पोटमाळ्यात वळण देऊन मध्यावर आणलं आहे. देखाव्यासाठी केलेली कसरत, पण गवंडी हुशार. जाळ उत्तम ओढतो.

आत डोरकस अटिंग. वय एकाहत्तर. बुटकी, ताठ, एप्रनला इस्त्री. हिचा बाप इथला दरवान. आठ वर्षांची असल्यापासून गेट हीच उघडायची.

"जन्म पलीकडच्या खोलीतला, वाढले इकडे," म्हणाली. "चूल इकडे, बिछाने तिकडे. आम्ही सात भावंडं. जेवलो की नाइटशर्ट घालून ओळीनं रस्ता ओलांडायचा. पाहुण्यांची बग्गी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. पावसात, बर्फात, कसंही. काढणाऱ्यानं नकाशा छान काढला, पण त्याला पोरं नसावीत."

घर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. अशा जोड्या मी पाच-सहा पाहिल्या आहेत. अजून त्यात कोणी राहतं आहे अशी ही पहिलीच.

पण खोलीत पाहिलं तर खुर्ची एक. कप एक. भिंतीला लावून खाटही आहे, एकाच माणसाची.

"मिस्टर अटिंग?"

"पलीकडे."

"त्यांनाही भेटायचं होतं. इकडे कधी येतात?"

"येत नाहीत."

साडेबाराला तिनं ताटलीत वाढलं. उकडलेले पिठाचे गोळे, रस्सा, कोबी. वरून दुसरी ताटली पालथी घातली, बाहेर गेली, गेटच्या दोन झडपा मिळतात त्या मधल्या दगडावर ठेवून आली. दार लावून घेतलं. मग समोरचं दार उघडलं. उंच, वाकलेला म्हातारा आला. कालची धुतलेली ताटली खाली ठेवली, आजची उचलली, गेला. नऊ फूट ही चालली, नऊ फूट तो. मान कोणी वर केली नाही.

मी निघताना म्हणाली, "कधी पाडणार ती?"

"अजून ठरायचंय."

"ठरवायला एवढं काय लागतं? पाडा म्हणावं. लवकर पाडा."

"तिथे तुमचे यजमान राहतात, मिसेस अटिंग."

"कुठे राहतात ते मला ठाऊक आहे."

राग इतक्या स्वच्छ रूपात क्वचित पाहायला मिळतो. माणसावरचा काढता येत नाही, मग दगडावर.

बुधवार, ५ डिसेंबर

पश्चिमेची. दुसरा चहा.

एनॉक अटिंग, चौऱ्याहत्तर. इस्टेटीचा सुतार होता. टेपचं दुसरं टोक न सांगता धरतो, नेमक्या जागी. असा माणूस मिळाला की काम अर्धं होतं.

ही जोडी खोटी आहे! बाहेरून हुबेहूब. आतून भिंत फक्त नऊ इंच, विटांची, आणि त्यावर दगडाचा पातळ थर. गिलाव्याला ओल. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळायची गरज नव्हती, म्हणून खर्च वाचवला.

पुढचं आणखी. चूल कुठे ते शोधत होते. चारी भिंती ठोकून पाहिल्या. कुठेच पोकळ आवाज नाही.

तो दाराशी उभा राहून मजा पाहत होता. "शोधा, बाईसाहेब, शोधा. सापडली तर मलाही सांगा."

चूल नाहीच. वरचं धुराडं नुसतं छपराच्या वाशांवर बसवलेलं आहे. खाली काही नाही! समोर आहे म्हणून इथेही.

खोलीत रॉकेलची शेगडी. त्या वासानं डोळे चुरचुरतात. तो खोकतो, मग खोकून झाल्यावर माफी मागतो.

"इथे हिवाळ्यात कसे राहता?"

"टोपी घालून."

"किती हिवाळे?"

"नऊ. हा दहावा."

"मिसेस अटिंगना माहीत असेल इथे चूल नाही ते."

"तिचा जन्म इथला. तिला माहीत नसेल तर कोणाला?"

मग थोड्या वेळानं, टेप गुंडाळत — "पाडणार म्हणतात. पाडली तर मला लिन शहरात भाचीकडे जावं लागेल. तिला तीन पोरं आणि एक पोपट. पोपट जास्त बोलतो."

नोंद: पोटमाळा राहिला. शिडी आखूड पडली.

गुरुवार, ६ डिसेंबर

वारा. ओळंबा स्थिर राहत नाही. काम नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

इस्टेटीचा कारभारी कॅप्टन फेरियर. माणूस वाईट नाही. बूट चिखलाचे, टेबल स्वच्छ. कपाटातून मूळ नकाशा काढून दिला — १७९४, शाई अजून काळी. नकाशा काढणारा लंडनचा. इथे दोनदाच आला होता म्हणे. पश्चिमेच्या धुराड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: 'केवळ शोभेसाठी'.

मी अर्धा तास तो नकाशा पाहत बसले. प्रमाण अप्रतिम आहे. गेट, दोन्ही देवड्या, मधली पोकळी — एकातून एक निघालेलं. त्यातली एक काढली की दुसरीला अर्थ उरत नाही.

"मिस पेटिफर, नमुन्याला एक पुरे नाही का?" फेरियर म्हणाला. "चांगली ती ठेवू, खोटी ती पाडू. पूर्वेकडेच मागे न्हाणीघर काढून देतो म्हातारीला. मीही काही राक्षस नाही."

"आणि म्हातारा?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. त्या दोघांमध्ये मी पडत नाही. एकदा पडलो होतो."

"पाडायची कल्पना तुमची?"

"माझी नाही. पण ऐकल्यावर पटली." ट्रकवाल्यांची असणार.

सोमवार, १० डिसेंबर

विचारलं नव्हतं. दोघांनीही सांगितलं, आपापल्या बाजूला, आपापल्या चहाबरोबर.

तिचं म्हणणं: त्रेपन्नच्या ऑगस्टात हॉल पाडायला ठेकेदार आला. गावातल्या कोणी त्याच्याकडे काम धरलं नाही. एनॉकनं धरलं. "रोज सकाळी मी गेट उघडायचं आणि रोज संध्याकाळी हॉलचे तुकडे भरलेल्या गाडीवर हा बसून यायचा. माझ्या बापानं त्या घराला चाळीस वर्षं टोपी काढून सलाम केला. सहाव्या दिवशी मोठा जिना गेला. कठडा, खांब, सगळं. गाडीवर हा! मी म्हटलं, आज इकडे जेवायला यायचं नाही. नाही आला. दुसऱ्या दिवशीही नाही आला."

"आणि तुम्ही बोलावलं नाहीत."

"मी? मी का?"

त्याचं म्हणणं: "जिना जाणारच होता. त्यांची माणसं कुऱ्हाड घेऊन आली होती. मी म्हटलं थांबा. सहा दिवस लागले, एकेक स्क्रू काढला. एक ओरखडा नाही! तो अख्खा जिना आज कुठेतरी दुसऱ्या घरात उभा आहे, बाईसाहेब. लोक त्यावरून चढतात-उतरतात."

"हे त्यांना सांगितलंत?"

"ती म्हणाली जेवायला येऊ नकोस. मग कुठे बसून सांगणार?"

ऐकलं. निरोप इकडचा तिकडे करणं माझं काम नाही. मी भिंती मोजते.

शुक्रवार, १४ डिसेंबर. लंडन

मसुदा झाला. 'महत्त्व जोडीला आहे. एकटी उरलेली देवडी म्हणजे गेटशेजारची खोली. पश्चिमेच्या बांधकामातली लबाडी हा दोष नव्हे. उलट त्या काळाच्या रीतीचा तोच उत्तम पुरावा.' शेवटचं वाक्य आवडलं.

'रहिवासी' या रकान्यात: दोन.

पोटमाळा पाहिल्याशिवाय सही करणार नाही. नाताळानंतर.

गुरुवार, २७ डिसेंबर

बर्फ. खिडकीच्या कठड्यावर चार इंच. मोजलं!

मंगळवार, ८ जानेवारी १९६३

मेरिंगहमला आले. साडेतीन तासांच्या प्रवासाला नऊ तास. असा हिवाळा पाहिलेला नाही. नदी गोठली आहे, झाडावर पक्षी नाही. पबवाली म्हणते रॉकेलची गाडी आठ दिवसांत आलेली नाही. तिनं स्वतःसाठी ठेवलेलं जपून चाललंय.

मी म्हटलं, "अटिंगकडे शेगडी आहे रॉकेलची."

"हो ना," ती म्हणाली आणि दिव्याची वात आणखी खाली केली.

बुधवार, ९ जानेवारी

दिवसभर वादळ. दार उघडत नाही. दोन पत्रं लिहिली, नकाशात शाई भरली.

गुरुवार, १० जानेवारी

आज काय झालं ते क्रमानं लिहिते.

वारा पहाटे पडला. नऊला निघाले, अर्ध्या मैलाला पाऊण तास. गेटपाशी पोचले तर रस्ता दिसेना. मोकळ्या माळावरचा वारा त्या दोन चौकोनांमध्ये शिरतो, अरुंद जागेत वेग घेतो आणि जे आणलं ते तिथेच टाकतो. आजूबाजूच्या शेतात बर्फ गुडघाभर, देवड्यांच्या मधे पाच फूट. पश्चिमेचं दार निम्म्याच्या वर गाडलेलं. नकाशात वारा दाखवत नाहीत.

पूर्वेच्या दारातून एक खंदक निघालेला होता. माणूसभर रुंद. आत डोरकस. डोक्याला शाल, हातात कोळशाचं फावडं — चुलीशी असतं ते, लहान! सात फूट खणलं होतं. एकटीनं.

मी आत उतरले. तिनंच मागे न बघता सांगितलं, "मंगळवारचं ताट उचललं नाही त्यानं."

"कधीपासून खणताय?"

"दिसायला लागल्यापासून. बोलू नका. परात आणा चुलीजवळची."

मी परातीनं उपसत गेले. ती खणायची, मी बाहेर टाकायची. मध्यावर आलो तेव्हा फावडं ताटलीला लागलं. दगडावरची ताटली, पालथी दुसरी तशीच वर. गोळे दगड झालेले. तिनं ती उचलून बाजूच्या बर्फात नीट ठेवली, सांडू नये अशी, आणि पुन्हा खणायला लागली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं. मी सांगितलं. "येऊ दे," म्हणाली.

पावणेबाराला दार लागलं.

ती उभी राहिली. श्वास घेतला. मला वाटतं नुसती श्वासासाठी थांबली नव्हती. मग मुठीनं दार ठोकलं.

"एनॉक. कडी काढ."

काही नाही.

"एनॉक, कडी काढ म्हणते ना!"

काही नाही. मी फावडं मागितलं, दार फोडायला. तिनं दिलं नाही.

"एनॉक अटिंग! मी तिसऱ्यांदा सांगणार नाही हं!"

आतून, खूप बारीक, खोकल्यामधून — "पहिल्यांदा... कधी सांगितलंस?"

डोरकसनं कपाळ दाराला टेकलं. तिथेच, फळीला. एवढंच. मग पुन्हा ताठ झाली. "मूर्ख माणूस," दाराला म्हणाली. "पाय गारठले माझे. उघड."

कडी काढायला त्याला बराच वेळ लागला. आत सगळ्या चादरी, गालिचा, ओव्हरकोट, वर्तमानपत्रं — सगळं अंगावर. शेगडी रिकामी. गिलाव्यावर बर्फाचा पापुद्रा. माझी थर्मामीटरची सवय: खोलीत उणे पाच.

तो चालला, पण आधारानं. खंदक एकाच माणसापुरता, म्हणून ती पुढे, उलटी चालत, त्याचे दोन्ही हात धरून. मी मागून पाठीला हात लावून. अठरा फूट. मीच मोजलेलं अंतर आहे. आज ते फार लांब होतं.

खुर्ची एकच. त्याला बसवलं चुलीपाशी.

"बूट काढ. आत्ताच पुसलंय," ती म्हणाली, आणि स्वतः वाकून काढायला लागली.

तो भिंतींकडे बघत होता. "हिरवा होता ना रंग?"

"बदलला."

"कधी?"

"सात वर्षं झाली."

"बरा आहे," तो म्हणाला.

मी तिथून निघाले. पोटमाळा पाहिला नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी

डॉक्टर ट्रॅक्टरवर बसून आला. दोन्ही फुप्फुसं धरली आहेत. हलवायचं नाही, ऊब ठेवायची. ऊब आहे, म्हटलं. धुराडं उत्तम ओढतं.

शनिवार, १२ जानेवारी

पश्चिमेचा पोटमाळा पाहिला, पबवालीची शिडी घेऊन. वाशांवर सुताराची खूण, १७९५. खोटं धुराडं आतून रिकाम्या पेटीसारखं. चिमण्यांची घरटी, जुनी. मोजमापं पूर्ण.

खाली रिकाम्या खोलीत उभी राहिले क्षणभर. त्याची हत्यारं भिंतीवर क्रमानं टांगलेली.

मंगळवार, २२ जानेवारी. लंडन

फेरियरचा फोन. आवाज उत्साही. "मिस पेटिफर, प्रश्न सुटला! म्हातारा पूर्वेला राहतो आहे, बायकोजवळ. पश्चिमेची रिकामी. आता कोणाचं घर मोडतंय असंही नाही. पाडायला अडचण कसली?"

तर्कात चूक नाही. भांडण होतं तोवर दोन्ही खोल्यांना माणूस होता. समेट झाला आणि एक खोली फालतू ठरली!

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हातारी म्हणते, पाडा नाहीतर ठेवा, मला काय."

ही तीच बाई. डिसेंबरात मला घाई करत होती. राग उतरला की दगडांचंही काही वाटत नाही, असं दिसतं.

बुधवार, ३० जानेवारी

अहवाल दिला. दोन्ही ठेवाव्यात. एक शब्द बदलला नाही. फक्त 'रहिवासी' या रकान्याशी थोडी थांबले. पूर्वेला दोन, पश्चिमेला शून्य.

रविवार, १७ फेब्रुवारी

काम नव्हतं. तरी मेरिंगहमला जाऊन आले. स्वतःला सांगितलं की गेटच्या बिजागरीचं माप राहिलंय. ते खरंच राहिलं होतं.

एनॉक बसून होता. अर्धा झालाय, पण डोळे चांगले. खुर्च्या आता दोन — पश्चिमेची आणली. दुसरं काही आणलं नाही, खोली भरते म्हणे. खाट एकच आहे. ती चुलीपुढे जमिनीवर झोपते. "त्याच्या खोकल्यावर लक्ष राहतं," म्हणाली. "आणि घोरण्यावरही. नऊ वर्षं विसरले होते, आता आठवतंय."

"तू घोरायचीस," तो म्हणाला. "मला तिकडे ऐकू यायचं."

"अठरा फुटांवरून?"

"वारा इकडून असला की."

मग जिन्याचा विषय निघाला. मीच काढला! कसा ते मला कळलं नाही. एवढंच म्हटलं, "मिस्टर अटिंगनी मला त्या जिन्याच्या स्क्रूंबद्दल सांगितलं होतं."

"कसले स्क्रू?" डोरकस.

त्यानं सांगितलं. हळूहळू, मधे खोकत. कुऱ्हाडी, सहा दिवस, ओरखडा नाही. ती विणत होती. सुया थांबल्या.

"स्क्रू काढून?"

"एकेक."

"अख्खा?"

"अख्खा."

"मग सांगायचं ना!"

"तू विचारायचं ना!"

मी कपातली पानं पाहत होते. मग ती उठली, त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, केस सारखे केले आणि टोपी पुन्हा घातली. जरा जोरातच.

निघताना दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "नऊ वर्षं, पोरी." एवढंच. मला 'पोरी' म्हणाली. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

बिजागरी: अकरा इंच.

गुरुवार, ७ मार्च

थंडी मोडली. सकाळपासून पन्हळी वाहतायत.

निर्णयही आला. दोन्ही देवड्या संरक्षित इमारतींच्या यादीत, गेटसकट. पाडता येणार नाहीत, बदलता येणार नाहीत. साहेबांनी अहवालावर लिहिलंय: 'नमुनेदार.' बारा वर्षांत पहिल्यांदा.

फेरियरनं फोनवर फार ताणून धरलं नाही. ट्रक पूर्वी जात तसे मागच्या फाटकानं जातील. म्हणजे मागे फाटक होतंच!

बुधवार, १३ मार्च

पबवालीचं कार्ड. एनॉक अटिंग रविवारी दुपारी गेला. खुर्चीत, चुलीपुढे. डोरकस पंपावर पाणी आणायला गेली होती. फुप्फुसं सावरलीच नाहीत, डॉक्टर म्हणाला.

शुक्रवारी माती. मी जाणार नाही. नातं काही नाही.

शुक्रवार, १५ मार्च

गेले.

आठ माणसं. डोरकसनं हॅट घातली होती, हातात काही नव्हतं. मला पाहून मान हलवली. थडग्याशी उभी होती तशी उभी राहिली, मग सगळे चहाला वळले तेव्हा म्हणाली, "नऊ आठवडे मिळाले. पूर्ण नाहीत. चार दिवस कमी."

ती लिनला जाते आहे, भाचीकडे. पोपटाचं एनॉकनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे दोन्ही रिकाम्या. फेरियर कुलपं लावणार.

मंगळवार, २ एप्रिल

फेरियरकडून फाईल परत आली. बंद करायला घेतली. तळाशी माझ्यासाठी न ठेवलेला एक कागद, रेघांच्या वहीतला, पेन्सिलीनं. तारीख ११ जून १९६२.

'कॅप्टन साहेब, ट्रकांना मागून फेरा पडतो असं ऐकते. पश्चिमेची देवडी पाडलीत तर पुढूनच जातील. माझा नवरा तिथे राहतो. भाचीकडे तो चार दिवस टिकायचा नाही, आणि दुसरीकडे कुठे राहील असं त्याच्याकडे नाही, एक माझ्याकडे सोडून. मी त्याला ये म्हणणार नाही आणि तो आपणहून येणार नाही. त्याचा खोकला वाढलाय. हिवाळ्याआधी पाडाल का? मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नये. — डो. अटिंग.'

त्याला टाचलेला इस्टेटीचा अर्ज. आमच्या कचेरीत पोचल्याचा शिक्का २ जुलैचा. त्याखाली शेरा, माझ्या अक्षरात:

'लहान काम. घाई नाही. थंडीत पाहू.'